यंत्राच्या पट्ट्याचा आवाज व कंप : कारणे, परीक्षा आणि उपाय

शेतीच्या कामात यंत्रांचा उपयोग आता सार्वत्रिक झाला आहे. विहिरीवरील पंप, मळणीयंत्र, कडबा-कुट्टीचे यंत्र, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर व मालवाहू टेंपो यांपैकी एखादे तरी यंत्र नाही असे गाव क्वचितच आढळेल. या यंत्रांतील पुष्कळ ठिकाणी एका चाकाची शक्ती दुसऱ्या चाकाकडे नेण्याचे काम पट्टा करीत असतो. इंजिनाकडे शेतकऱ्याचे लक्ष असते. तेलपाणी तो वेळेवर घालतो. पट्ट्याकडे मात्र तो तुटेपर्यंत कोणी पाहत नाही. वास्तविक पट्टा तुटण्यापूर्वी बरेच दिवस आपले दुखणे सांगत असतो. त्याची किंचाळी, चिवचिव, फटफट आणि थरथर ही त्या दुखण्याची लक्षणे होत. ही लक्षणे ओळखता आली तर पाणी, इंधन आणि पैसा वाचतो. प्रसंगी मनुष्याचा हातही वाचतो. सबब प्रत्येक शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने हा विषय नीट समजून घेणे इष्ट होय.

पट्टा शक्ती कशी वाहतो?

बैलगाडीच्या आखाला वंगण घालतात, कारण तेथे घर्षण हा शत्रू आहे. पट्ट्याची गोष्ट नेमकी उलट आहे. तेथे घर्षण हाच कामाचा गडी होय. पट्टा आणि पुली यांच्यामध्ये घर्षण नसेल तर पुली जागच्या जागी फिरेल आणि पट्टा तसाच पडून राहील.

या घर्षणाचा जोर शेतकऱ्याला अपरिचित नाही. मारका खोंड दाव्याने नुसता धरून ठेवणे दोघांनाही जड जाते. परंतु तेच दावे खुंट्याभोवती एक-दोन वेढे देऊन धरले तर एक मुलगाही त्याला थोपवू शकतो. अठराव्या शतकातील स्विस गणिती ऑयलर याचे नाव या नियमाशी जोडलेले आहे. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याने धरणाऱ्याच्या जोराच्या सुमारे साडेसहापट ओढ थोपविता येते आणि दोन वेढ्यांनी सुमारे त्रेचाळीसपट. यावरून दिसून येईल की, पट्टा पुलीला जितका अधिक वेढून बसेल तितकी त्याची पकड अधिक.

सपाट पट्टा पुलीला सामान्यतः अर्धा वेढा देतो. त्याच गुणांकाने हिशोब केला तर ताणलेल्या बाजूची ओढ सैल बाजूच्या ओढीच्या फार तर अडीचपटीपर्यंत जाऊ शकते. त्यापुढे पट्टा घसरतो. म्हणूनच आडव्या मांडणीच्या सपाट पट्ट्यात ताणलेली बाजू खाली व सैल बाजू वर ठेवण्याची पद्धत आहे. वरची बाजू सैल असल्याने ती थोडी खाली झोल खाते आणि पुलीवरील वेढा वाढतो. मांडणी उलट झाली तर हा फायदा जातो.

पाचरीच्या आकाराच्या, म्हणजे व्ही-पट्ट्यात आणखी एक युक्ती आहे. लाकूड फोडताना पाचर जशी फटीत घट्ट बसते तसा हा पट्टा पुलीच्या खाचेत दोन्ही बाजूंनी आवळला जातो. त्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ४० अंशांचा कोन असतो. त्यामुळे सपाट पट्ट्याच्या मानाने घर्षणाचा परिणाम सुमारे तिप्पट होतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्ही-पट्टा बाजूंनी काम करतो, तळाने नव्हे. पुलीची खाच झिजून पट्टा तळाला टेकू लागला की पाचरीचा गुण नाहीसा होतो व पट्टा कितीही ताणला तरी घसरतच राहतो. खाचेचा तळ आरशासारखा चकाकू लागणे ही त्याची खूण होय. अशा वेळी नवा पट्टा आणून उपयोग नाही. पुली बदलली पाहिजे.

आवाज कोठून येतो?

जड पेटी जमिनीवरून सरकविताना पहिला धक्का मोठा लागतो. एकदा ती सरकू लागली की कमी जोर पुरतो. स्थिर वस्तूचे घर्षण सरकत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा अधिक असते, हे त्याचे कारण. पट्टा सैल झाला किंवा त्याच्यावर भार अधिक आला म्हणजे हाच प्रकार पुलीवर घडतो. पट्टा क्षणभर पुलीला चिकटतो, ताणला जातो, ताण वाढताच सुटून सरकतो आणि पुन्हा चिकटतो. हे चिकटणे-सुटणे एका सेकंदात शेकडो वेळा होते. त्यायोगे पट्टा व पुली थरथरतात, ती थरथर हवेत पसरते आणि कानाला किंचाळी ऐकू येते.

सारंगीवर गज फिरविला असता सूर उमटतो तोही याच कारणाने. गजाचे केस तारेला चिकटतात व सुटतात. गजाला राळ चोळतात ती तार गप्प बसावी म्हणून नव्हे, तर ती वाजावी म्हणून. हे उदाहरण मुद्दाम दिले आहे. कारण पुष्कळ ठिकाणी ओरडणाऱ्या पट्ट्यावर राळ किंवा डांबर टाकण्याची चाल आहे. त्यामुळे काही वेळ पकड आल्यासारखी वाटते. परंतु त्या चिकट थरावर धूळ व भुसा बसतो, तो कडक होतो आणि पट्ट्याच्या बाजू खरवडल्या जातात. मूळ दोष सैलपणाचा असेल तर तो कायमच राहतो. साबण किंवा खडू चोळल्यानेही आवाज काही काळ दबतो, दोष जात नाही. तेल किंवा ग्रीस तर रबरी पट्ट्याला विषासारखे आहे. त्याने रबर फुगते व मऊ पडते.

पावसाळ्यात सकाळी गाडी किंवा ट्रॅक्टर सुरू करताच पट्टा ओरडतो आणि थोड्या वेळाने गप्प होतो, असा अनुभव पुष्कळांना येतो. रात्रीच्या दमटपणाने पुलीवर पाण्याचा पातळ थर बसतो व पकड बिघडते. शिवाय इंजिन सुरू करताना बॅटरीतील वीज खर्च झालेली असते. ती भरून काढण्यासाठी विद्युतजनित्रावर, म्हणजे अल्टरनेटरवर, त्याच वेळी अधिक भार येतो. पुली सुकली व बॅटरी भरत आली की आवाज थांबतो. एखाद्या दिवशी असे झाले तर काळजीचे कारण नाही. रोज होऊ लागले तर मात्र पट्ट्याचा ताण तपासावा.

कंप कशाने होतो?

आवाजाप्रमाणे पट्ट्याचा कंपही विचारात घेतला पाहिजे. दोन पुल्यांमधला पट्टा हा ताणलेल्या तारेसारखा असतो. प्रत्येक तारेला आपला स्वाभाविक कंप असतो. तार लांब व सैल असेल तर कंप सावकाश, आखूड व ताठ असेल तर जलद. ताण चौपट केला तर कंपांची संख्या दुप्पट होते, असा नियम आहे.

नागपंचमीच्या झोक्याला योग्य वेळी हलकासा हात लावीत गेले की झोका उंच उंच जातो. इंजिनाचेही तसेच आहे. एका सिलिंडरचे चार-धावी इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच जोर देते. ते मिनिटाला १५०० फेरे घेत असेल तर सेकंदाला साडेबारा धक्के बसतात. पट्ट्याचा स्वाभाविक कंप या धक्क्यांशी जुळला तर पट्टा झोक्याप्रमाणे उसळू लागतो. शास्त्रात यास अनुस्पंदन म्हणतात. इंजिन एका विशिष्ट वेगावर असतानाच पट्टा फडफडतो व वेग कमी-अधिक करताच शांत होतो, ही त्याची खूण. ताण थोडा बदलणे, दोन पुल्यांमधील अंतर किंचित बदलणे, किंवा सैल बाजूवर आधाराची पुली बसविणे हे त्यावरील उपाय होत.

दुसरा कंप पट्ट्यातील किंवा पुलीतील दोषाचा असतो. त्याचे मूळ मोजणीने सापडते. समजा, इंजिनाची पुली १५० मिलिमीटर व्यासाची असून ती मिनिटाला १५०० फेरे घेते. तर पट्टा सेकंदाला जवळजवळ १२ मीटर धावतो. पट्ट्याची एकूण लांबी ६ मीटर असेल तर त्याचा सांधा सेकंदाला सुमारे दोन वेळा पुलीवर येईल. तेव्हा ‘ठक्‌... ठक्‌’ असा मोजता येणारा आवाज येत असेल तर दोष पट्ट्यात, बहुधा त्याच्या सांध्यात आहे. दोष इंजिनाच्या पुलीत असता तर सेकंदाला २५ ठोके पडले असते. ते मोजता येत नाहीत, त्यांचा सलग घर्र आवाज होतो. घड्याळ आणि कान यांखेरीज या परीक्षेला काहीही लागत नाही.

घसरणाऱ्या पट्ट्याचे नुकसान

पट्टा ओरडतो म्हणून काय बिघडले, असे पुष्कळांना वाटते. हा हिशोब एकदा मांडून पाहणे हितावह आहे.

पाच अश्वशक्तीच्या यंत्रावरील पट्टा दर शंभर फेऱ्यांत दहा फेरे घसरत असेल तर सुमारे ३७० वॅट शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जणू एक लहानशी विजेची शेगडी पुलीवर सतत पेटलेली असते. इंधनाचे वा विजेचे पैसे त्या शेगडीत जळतात आणि त्याच उष्णतेने पट्ट्याचे रबर कडक होऊन त्याच्या बाजू गुळगुळीत व चकचकीत बनतात. अशा बाजूंची पकड आणखी कमी होते, म्हणून पट्टा आणखी घसरतो.

पंपाच्या बाबतीत नुकसान याहून मोठे आहे. अपकेंद्री पंपाचा वेग दशांशाने कमी झाला तर त्याची पाणी चढविण्याची उंची दशांशाने नव्हे, तर जवळजवळ पंचमांशाने घटते. २० मीटर उंचीपर्यंत पाणी नेणाऱ्या पंपाची मजल सुमारे १६ मीटरांवर येते. पावसाळ्यात विहीर भरलेली असताना हे ध्यानात येत नाही. उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली की पंप पाणी देईनासा होतो. शेतकऱ्याला वाटते की विहिरीचे पाणी हटले किंवा पंप निकामी झाला. पंप खोलून दुरुस्तीस जातो आणि उभे पीक पाण्याच्या पाळीची वाट पाहत सुकते. प्रत्यक्षात दोष केवळ सैल झालेल्या पट्ट्याचा असू शकतो, आणि तो पान्याच्या चार फिरक्यांनी जाण्यासारखा असतो. म्हणून पंपाचे पाणी कमी झाल्यास तो खोलण्यापूर्वी पट्टा पाहावा, हा नियमच करावा.

ट्रॅक्टरच्या पंख्याच्या पट्ट्याचेही असेच आहे. पुष्कळ ट्रॅक्टरांत पंखा, रेडिएटरचे पाणी खेळविणारा पंप व अल्टरनेटर ही तिन्ही एकाच पट्ट्यावर चालतात. तो सैल झाल्यास इंजिन तापते व बॅटरी भरत नाही. तो तुटल्यावरही ट्रॅक्टर तसाच चालविला तर इंजिनाची मोठी हानी होते.

परीक्षा करण्याची रीत

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी यंत्र पूर्णपणे बंद करावे. विजेची मोटार असल्यास खटका बंद करून फ्यूज काढून जवळ ठेवावा. इंजिन असल्यास ते कोणी नकळत सुरू करणार नाही अशी व्यवस्था करावी. ट्रॅक्टरची किल्ली खिशात ठेवावी. त्यानंतर पुढील क्रमाने पाहणी करावी.

१. ताण. दोन पुल्यांच्या मधोमध पट्टा अंगठ्याने दाबावा. व्ही-पट्टा दर मीटर अंतरामागे सुमारे १६ मिलिमीटर दबला तर ताण साधारणपणे योग्य समजावा. ट्रॅक्टर व मोटारगाड्यांच्या बाबतीत उत्पादकाच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. ताण अधिक असणेही वाईट. त्याने बेअरिंग तापते व लवकर खराब होते.

२. सरळ रेषा. दोन्ही पुल्यांच्या बाहेरील कडांवरून एक सुतळी ताणून धरावी. कडांची जाडी सारखी असल्यास सुतळी दोन्ही पुल्यांना प्रत्येकी दोन, अशी एकूण चार ठिकाणी टेकली पाहिजे. फरक अर्ध्या अंशाहून, म्हणजे एक मीटर अंतरास सुमारे ८ ते ९ मिलिमीटरांहून अधिक नसावा. पट्टा तिरका चालत असेल तर खाचेत शिरताना व निघताना तो कडेला घासतो आणि पाखरासारखी चिवचिव करतो.

३. पट्ट्याचे अंग. पट्टा उलटून त्याची आतील बाजू व कडा पाहाव्यात. भेगा, सुटलेले दोरे, चकाकी, तेलाचे डाग व तुटलेले तुकडे शोधावेत. अलीकडील वाहनांत अनेक बारीक खाचांचा रुंद पट्टा असतो. त्यात वापरले जाणारे नव्या जातीचे रबर सहसा भेगाळत नाही. ते हळूहळू झिजते. तेव्हा भेगा नाहीत म्हणून असा पट्टा चांगला आहे असे समजू नये. त्याच्या खाचांत अडकलेला खडाही आवाज करतो.

४. बेअरिंग. पट्टा उतरवून प्रत्येक पुली हाताने फिरवावी. ती खरखरत असेल किंवा हलत असेल तर दोष पट्ट्याचा नसून बेअरिंगचा आहे.

५. पाण्याची परीक्षा. ही केवळ वाहनाच्या इंजिनावरील पट्ट्यासाठी असून जाणत्या माणसानेच करावी. इंजिन मंद चालू ठेवून, हात व कपडे दूर राखून, बाटलीतून पट्ट्याच्या आतील बाजूवर थोडे पाणी फवारावे. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या सरळ रेषेत नाहीत. आवाज वाढला तर पट्टा सैल असून घसरत आहे.

दुरुस्ती व निगा

पट्टा ताणण्यासाठी मोटार किंवा इंजिन त्याच्या पायावरील खाचांत सरकवावे, पट्ट्याला मोजून ताण द्यावा आणि नंतर सर्व बोल्ट घट्ट करावेत. नवा पट्टा चढविताना पहारीने किंवा पेचकसाने ओढून बसवू नये. त्याने आतील दोरे तुटतात व पट्टा थोड्याच दिवसांत उलटतो. प्रथम मोटार जवळ सरकवावी व पट्टा हाताने सहज बसवावा. नवा पट्टा पहिल्या काही तासांत खाचेत बसतो व किंचित लांबतो. यास्तव पहिल्या दिवसाच्या कामानंतर त्याचा ताण पुन्हा पाहावा. ही एक गोष्ट न केल्यामुळे पुष्कळ नवे पट्टे अकाली खराब होतात.

एकाच पुलीवर दोन-तीन पट्टे असतील तर सर्व एकदम बदलावेत. एक नवा व दोन जुने असे ठेवल्यास सारा भार नव्यावर पडतो. पट्टा घेताना त्याचे माप जुळवून घ्यावे. ‘ए’ जातीच्या पट्ट्याची वरची रुंदी १३, ‘बी’ची १७ व ‘सी’ची २२ मिलिमीटर असते. अरुंद पट्टा रुंद खाचेत तळाला टेकतो व घसरतो.

सपाट पट्ट्याचा सांधा करताना दोन्ही टोके गुण्याने आखून काटकोनात कापावीत. टोके तिरपी कापली गेल्यास एक कड आखूड होते व पट्टा नागमोडी चालतो. सपाट पट्ट्याची पुली मधोमध किंचित फुगीर असते, ती पट्टा मध्यभागी राहावा म्हणून. तो फुगवटा झिजला तर पट्टा वारंवार उतरतो.

हंगाम संपल्यावर मळणीयंत्राचे पट्टे उतरवून पुसून ठेवावेत. ते बारीक खिळ्याला न टांगता रुंद खुंटीवर टांगावेत. ऊन, तेल व उंदीर यांपासून जपावेत.

सुरक्षिततेविषयी

वर सांगितलेला पट्टा सेकंदाला सुमारे १२ मीटर, म्हणजे तासाला ४२ किलोमीटरांहून अधिक वेगाने धावतो. कपडा अडकल्याचे ध्यानात येऊन हात मागे घेण्यास पाव सेकंद लागला तरी तेवढ्यात पट्टा जवळजवळ ३ मीटर पुढे गेलेला असतो. मनुष्य कितीही चपळ असला तरी या शर्यतीत तो हरणारच. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, गळ्यातील उपरणे, मोकळी वेणी, यांतील काहीही पट्ट्यात सापडले तर त्याचा परिणाम भयंकर होतो. मळणीयंत्रांवरील अपघातांचे गांभीर्य ध्यानात घेऊन संसदेने १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या विनियमनाचा अधिनियम संमत केला. परंतु कायदा खळ्यावर उभा राहू शकत नाही. तेथे शेतकऱ्यानेच दक्ष राहिले पाहिजे.

पट्ट्यावरील जाळीचे आवरण काढून ठेवू नये. चालू पट्ट्यावर हाताने राळ, पाणी किंवा माती टाकू नये. ओरडणारा पट्टा गप्प करण्यासाठी चालू यंत्राजवळ हात नेणे हा अत्यंत धोक्याचा प्रकार होय, आणि घाईच्या दिवसांत तो सर्रास केला जातो. पट्टा ओरडला की प्रथम यंत्र थांबवावे, मग कारण शोधावे. पाच मिनिटे काम थांबल्याने पीक बुडत नाही.

सारांश

सलग किंचाळी आली तर पट्टा सैल आहे किंवा भार अधिक आहे असे समजावे. चिवचिव आली तर पुल्या सरळ रेषेत आहेत का ते पाहावे. ठरावीक अंतराने ठोका पडला तर सांधा तपासावा. एका विशिष्ट वेगावरच फडफड झाली तर ताण किंवा अंतर बदलावे. पट्टा उतरवूनही खरखर राहिली तर बेअरिंग बदलावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मळणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील यंत्रमालकांना एकत्र बोलावून एका यंत्रावर सुतळीची व अंगठ्याची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. एकदा डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट शेतकरी विसरत नाही. त्या वेळी पुढील प्रश्न विचारून चर्चा घडवून आणावी :

१. आखाला वंगण चालते, मग पट्ट्याला का चालत नाही?
२. पंपाचे पाणी कमी झाल्यास प्रथम काय पाहावे व का?
३. व्ही-पट्टा खाचेच्या तळाला टेकल्यास काय होते?
४. गावातील किती यंत्रांच्या पट्ट्यांवर आज आवरण आहे?

यांतील चौथ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांनी मिळून गावात फिरून शोधावे आणि ज्या यंत्रावर आवरण नाही त्यावर ते हंगामापूर्वी बसवून घ्यावे.